सात दिवस, शिडाची बोट आणि नऊ बेटं, जमेल का?

सुकाणू_नवखा
नमस्कार मंडळी. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घ्यायचं चाललंय, आम्ही दोघं, बहीण, मेव्हणे आणि दोन मुलं (९ आणि १२) असे सहा जण. मी छोट्या बोटीवर दोन वर्षं शिकलोय पण ४० फुटी काही कधी स्वतः चालवलेली नाही. नकाशा समोर ठेवून सात दिवसांत नऊ बेटं बसवलीत, टॉर्टोलाहून निघून नॉर्मन, पीटर, कूपर, व्हर्जिन गोर्डा, अनेगाडा, योस्ट व्हॅन डाइक वगैरे वगैरे. बायको म्हणते ही सहल आहे की कुरिअरची डिलिव्हरी? तर महिना कुठला घेऊ, कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) की साधी एका सांगाड्याची, आणि स्किपर (बोट चालवणारा भाड्याचा कप्तान) लागेलच का? आणि हो, बहिणीला बसमध्येसुद्धा लागतं.

खारा_वारा
वहिनींचं बरोबर आहे 😄

आधी महिना ठरवा. तिकडे चक्रीवादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातले ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट, २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा याच बेटांवरून गेलं होतं. डिसेंबर-जानेवारीत वादळ नसतं पण ईशान्येचा वारा कधीकधी दिवसेंदिवस २०-२५ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) सुटतो, वर उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात आणि उत्तर बाजूच्या खाड्यांमध्ये रात्रभर बोट डुलत राहते. बहीण आणि मुलं बरोबर आहेत तर एप्रिल किंवा मे बघा, वारा जरा मवाळ होतो.

आता नऊ बेटं. अंतरं कमी दिसतात म्हणून माणूस फसतो. बोट तासाला सरासरी ५-६ सागरी मैल जाते (मैल म्हणजे १.८५२ किमी), आणि वारा समोरून असेल तर सरळ जाताच येत नाही, नागमोडी जावं लागतं, म्हणजे नकाशावरचे १० मैल पाण्यावर सहज १४ होतात. तिकडे वारा पूर्वेचा आणि व्हर्जिन गोर्डाही पूर्वेलाच. त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावरचा हा टप्पा पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकायचा आणि मग वारा पाठीवर घेऊन निवांत परत यायचं. उलटं केलंत तर बोट परत करायच्या आदल्या दिवशी सगळे ओले, चिडलेले आणि घड्याळाकडे बघत बसलेले.

सावलीतली_खलाशी
कॅटामरान, विचारच करू नका. साधी बोट वाऱ्यात १५-२० अंश सहज कलते, बहिणीचा पहिल्याच दिवशी निकाल लागेल. बोट लागायची गोळी आदल्या रात्री आणि सकाळी निघायच्या आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. आणि तिला आत केबिनमध्ये झोपायला पाठवू नका, बाहेर बसून क्षितिजाकडे बघू दे, जमलं तर सुकाणूच हातात द्या, मला स्वतःला त्याने सगळ्यात जास्त फरक पडला.

एक लक्षात ठेवा, कॅट कलत नाही म्हणजे वारा वाढल्याचा इशाराही देत नाही, सगळं मस्त चाललंय असं वाटत असतानाच शिडावर भलताच ताण आलेला असतो. म्हणून वाऱ्याच्या वेगाचा आकडा बघायचा. कंपनीने दिलेला तक्ता असतो, त्यात म्हटलेल्या नॉटला शीड कमी करायचं म्हणजे करायचं.

मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आधीच मागून ठेवा. कडक सुटकेस नेऊ नका, ठेवायला जागा नसते, मऊ बॅगा घ्या. बाकी टॉयलेट कसं वापरायचं ते सगळ्यांना समोर बसवून सांगा, हसू नका, आमचा एक अख्खा दिवस त्यात गेलाय.

नांगर_घसरला
स्किपर पहिले दोन दिवस तरी घ्याच. त्याला झोपायला एक केबिन जाते हे मोजणीत धरा. पण दोन दिवसांत शिकून घ्यायचं ते नांगर टाकणं, शीड नाही. माझं नाव उगाच नाही 🙂 साखळी खोलीच्या पाचपट सोडायची, आणि खोली धरताना पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतची उंचीही धरायची, ५ मीटर पाणी अधिक दीड मीटर म्हणजे ३२-३३ मीटर साखळी. वाळूतच टाका, प्रवाळावर अजिबात नाही. मग गॉगल लावून पाण्यात उतरायचं आणि रुतलाय की नाही ते डोळ्यांनी बघायचं.

दुसरं म्हणजे दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोचा. प्रवाळ डोळ्यांनीच ओळखावं लागतं, तपकिरी दिसलं की लांब राहा, पण ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तरच दिसतं, समोरून आलं की नुसता चकाकणारा पत्रा. शिवाय उष्ण कटिबंधात सूर्य बुडाला की अर्ध्या तासात गुडुप अंधार. बोट बांधायचे बॉयेही (पाण्यावर तरंगणारे गोळे) दुपारनंतर भरून जातात.

सुकाणू_नवखा
सगळ्यांचे आभार! मे ठरला, कॅट ठरली, स्किपर दोन दिवस. बेटं नवावरून पाचावर आणली आणि अनेगाडा काढून टाकलं. तर बायकोने ते परत घातलं, म्हणे तिथे फ्लेमिंगो आहेत.

खारा_वारा
आहेत खरे. पण व्हर्जिन गोर्डाहून १५ मैल उघडा समुद्र, बेट इतकं सपाट की जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, आणि भोवती लांबलचक प्रवाळाची भिंत. जायचंच असेल तर स्किपर चार दिवस ठेवा.