अठ्ठावन्नाव्या वर्षी विंडसर्फिंग शिकताना कंबर धरते आणि फळी परत येत नाही. नेमके काय चुकते?

निवृत्त_अभियंता (पुणे):

नमस्कार. माझे वय अठ्ठावन्न, वजन ७८ किलो. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो, त्यामुळे पाण्याची भीती नाही. रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेतो आणि उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो; बाकी तब्येत ठीक आहे. निवृत्तीनंतर काहीतरी नवे शिकायचे ठरवून डिसेंबरात गोव्याला विंडसर्फिंगचे, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाण्याचे, दोन धडे घेतले. वेळ मीच सकाळी आठची मागितली, कारण तेव्हा पाणी आरशासारखे शांत असते.

पहिल्या तासात पाण्यात पडलेले शीड दोरीने वर ओढण्याचा प्रयत्न मी निदान वीस वेळा केला असेल. प्रशिक्षक तरुण आणि मनमिळाऊ होता, पण त्याचा उपदेश "अंकल, जोर लावा" यापलीकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी कसाबसा उभा राहिलो, पन्नासेक मीटर गेलोही. मात्र वळता येईना, आणि किनारा हळूहळू लांब जाऊ लागला. शेवटी मोटरबोटीने मला ओढून आणले. पुढचे चार दिवस कंबर अशी धरली होती की मोजे घालायलाही पत्नीची मदत घ्यावी लागली. या वयात हा नाद सोडून द्यावा, की शिकण्याची पद्धतच चुकते आहे? अनुभवी मंडळींनी कृपया स्पष्ट सांगावे.

मांडवीकाठ (पणजी):

मी बावन्नाव्या वर्षी शिकले, आता साठ पूर्ण होतील. नाद सोडू नका, पण सकाळी आठची वेळ मात्र सोडा. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या आरशासारख्या पाण्यातच आहे.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी पाठ केले होते. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून सकाळी समुद्राकडे जो वारा वाहतो, तो मतलई. किनाऱ्याजवळचे पाणी तेव्हा शांत दिसते, कारण लाटा उठवण्याइतके अंतर त्या वाऱ्याला अजून मिळालेले नसते. परंतु तो तुम्हाला सतत बाहेर, खोल समुद्राकडे ढकलत असतो. त्यातच ओहोटी असेल आणि जागा मांडवी किंवा जुवारीच्या मुखाजवळ असेल, तर नदीचे पाणीही त्याच दिशेने ओढते. म्हणजे तुमचा किनारा लांब गेला, त्यात तुमच्या वयाचा काहीही दोष नव्हता. दुपारच्या सुमारास वारा काही वेळ पडतो आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तो नुकताच लागलेला असतो तो तास-दीड तास नवशिक्यासाठी सर्वांत चांगला, कारण चूक झाली तरी वारा तुम्हाला वाळूवरच आणून सोडतो. साडेतीन-चारनंतर तोच वारा जोर धरतो. तेव्हा आपण काठावर बसून पणजीजवळच्या कारंझाळ्याच्या मुलामुलींचा सराव पाहावा. वाऱ्याचा वेग पाच ते दहा नॉट, म्हणजे ताशी साधारण नऊ ते अठरा किलोमीटर, असला की पुरे.

आता साहित्याबद्दल. तुम्हाला कोणती फळी दिली होती? तुमच्या वजनाला दोनशे लिटरच्या आसपासची, निदान ऐंशी सेंटिमीटर रुंद फळी हवी, आणि तिच्या मधोमध खाली जाणारे पाते, म्हणजे डॅगरबोर्ड, असायलाच हवे. ते पाते पूर्ण खाली नसेल तर फळी पुढे जाते तितकीच वाऱ्याबरोबर आडवी घसरते. शीड चार चौरस मीटरच्या वर घेऊ नका. अनेक ठिकाणी जे शीड मोकळे असेल तेच हातात देतात, आणि पुरुषांना उगाच मोठे देतात, असा माझा अनुभव आहे.

पाठकणा (नाशिक):

मी फिजिओथेरपिस्ट आहे. विंडसर्फिंग स्वतः दोन-तीन सुट्ट्यांत केले आहे, त्यामुळे फक्त कमरेपुरते लिहितो.

शीड जड लागते ते कापडामुळे नव्हे, त्याच्यावर पसरलेल्या पाण्यामुळे. ते पाणी एका झटक्यात उचलायला गेलात तर सारा भार वाकलेल्या कमरेवर येतो. त्याऐवजी वारा पाठीवर घेऊन, डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभे राहावे, दोरी धरावी, हात सरळच ठेवावेत, आणि खुर्चीवर बसायला निघाल्याप्रमाणे गुडघे किंचित वाकवून अंग मागे सोडावे. मग काहीही करू नये. नुसते अंगाचे वजन दोरीवर टाकून चार-पाच सेकंद थांबले की डोलकाठीकडची कड पाण्यातून थोडी वर येते, कापडावरचे पाणी एका बाजूने निथळू लागते, आणि दोरीतला ताण एकदम हलका झालेला हातांना जाणवतो. त्यानंतरच हातावर हात घेत दोरी गोळा करावी. शीड चुकून वाऱ्याच्या बाजूला पडले असेल तर ते उचलण्याआधी दोरीने अलगद ओढत फळी फिरवून घ्यावी, नाहीतर अर्धे वर आलेले शीड वारा भरून तुमच्याच अंगावर येते.

दोन गोष्टी तुमच्यासाठी विशेष. ओढताना श्वास रोखू नका, कारण श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात चढतो. मोठ्याने आकडे मोजत ओढले की श्वास आपोआप सुटतो. दुसरे, तुमची गोळी बीटा ब्लॉकर गटातली असेल तर नाडी पुरेशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. दम लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर थांबा. जाण्यापूर्वी डॉक्टरांना नेमका व्यायामप्रकार सांगून विचारणे उत्तम. वीस मिनिटे सराव, दहा मिनिटे सावलीत पाणी पिणे, असे तीन वेळा झाले की त्या दिवसापुरते पुरे. तोवर घरी फाटकाला जाड दोरी बांधून वरची मुद्रा रोज दहा वेळा करावी. शेजारी हसतील, हसू द्यावे.

उत्रेख्तकर (नेदरलंड्स):

काका, तुमच्या वयाला इकडे कोणी म्हातारा नवशिका म्हणणार नाही. विंडसर्फिंग १९८४ साली लॉस एंजेलिसला प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले तेव्हा त्याचे पहिले सुवर्णपदक स्टीफन व्हॅन डेन बर्ग या डच खेळाडूने मिळवले होते. त्या लाटेत शिकलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे आणि शनिवारी तलावावर जुन्या लांब फळ्या घेऊन हजर असते. मी स्वतः चव्वेचाळिसाव्या वर्षी फेलुवेमेअर या तलावात शिकलो. त्याचा बराचसा भाग इतका उथळ आहे की पडलो की कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे आणि फळीवर पुन्हा चढायचे, त्यामुळे शक्ती शिकण्यातच खर्च होते. अशी उथळ, बंदिस्त जागा तुम्हाला मिळाली तर समुद्राआधी तिथेच शिकावे. मात्र उथळ पाण्यात पाय ताठ ठेवून उडी मारू नये, अंग सैल सोडून पाठीवर पडावे.

निवृत्त_अभियंता:

सर्वांचे मनापासून आभार. मांडवीकाठ ताई, फळीच्या मध्यभागी एक फट होती आणि तिच्यात काळे पाते वर दुमडलेले होते, हे आता आठवते. ते खाली पाडायचे असते हे मला कोणी सांगितले नाही आणि अभियंता असूनही मी विचारले नाही. वळण्याबद्दल कृपया थोडे सविस्तर लिहाल का?

मांडवीकाठ:

जरूर. या फळीला सुकाणू नसते. डोलकाठी बुडाशी सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्यावर उभी असते, आणि ती कलवूनच फळी वळवायची असते. डोलकाठी मागे, शेपटाकडे झुकवली की फळीचे नाक वाऱ्याकडे वळते. पुढे झुकवली की ते वाऱ्यापासून दूर जाते. पहिल्या दिवशी कुठेही जायचे नाही असे ठरवा. शीड हलके फडफडते ठेवून, डोलकाठी एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला झुकवत, बारीक पावले टाकत फळी जागच्या जागी पूर्ण फिरवायची. दोन्ही दिशांनी पाच-पाच फेऱ्या न पडता जमल्या की मग वारा आडवा घेऊन तीस मीटर जा, नाक वाऱ्याकडे वळवा, डोलकाठीच्या पुढून पलीकडे या आणि त्याच रेषेने परत या. मी पूर्ण चार दिवस एवढेच केले.

कधी वाटले की आता जमत नाही, तर शीड सोडून द्या. पाण्यात पडलेले शीड नांगरासारखे काम करते आणि फळीचे वाहून जाणे मंदावते. दोन्ही हात बाजूंना पसरून खालीवर हलवले की बोटवाल्यांना कळते. पोहता कितीही चांगले येत असले तरी फळी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नका. तरंगते जाकीट हवेच, आणि पातळ तळव्याचे पाण्यातले बूटही हवेत, कारण आपल्या खडकांना चिकटलेली कालवे, म्हणजे धारदार शिंपले, पाय कापतात आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत.

निवृत्त_अभियंता:

फेब्रुवारीत पुन्हा जाण्याचे ठरवतो आहे. शेवटची शंका: मी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला, चष्मा वापरतो. तो काढला तर किनाऱ्यावरचा प्रशिक्षक हात कुठे करतो आहे ते दिसत नाही.

मांडवीकाठ:

प्रोग्रेसिव्ह घरीच ठेवा. त्याच्या खालच्या भागातून पायाखालची फळी धूसर दिसते आणि तोल जातो. फक्त लांबच्या नंबरचा जुना चष्मा असेल तर तो डोक्यामागून घट्ट दोरीने बांधून घ्या, आणि दोरीला तरंगणारा फोमचा तुकडा लावा. माझे दोन चष्मे मांडवीच्या तळाशी आहेत.