टू-जेझेड रोज चालवणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

टोयोटाच्या टू-जेझेड इंजिनावर काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या ओळीत हजार अश्वशक्ती येतेच. ते कौतुक इथे नको. आज या इंजिनांचं वय वीस-तीस वर्षांचं आहे, आणि ती रोज वापरणाऱ्याला काय काय निस्तरावं लागतं ते इथे जमा करू.

आधी ओळखीपुरती माहिती. एका रांगेत सहा सिलिंडर, क्षमता २,९९७ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्ट, २४ व्हॉल्व्ह. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. विनाटर्बो ते जीई, दोन टर्बोंचं ते जीटीई. जीटीई १९९१ साली टोयोटाच्या अ‍ॅरिस्टो गाडीत आलं. जपानात त्याची ताकद कागदावर २८० पीएसच (मेट्रिक अश्वशक्ती) राहिली, कारण तिथल्या कंपन्यांनी आपसात तेवढी मर्यादा ठरवून घेतली होती.

माझं मत आधीच सांगून टाकतो: यातलं बीड थकत नाही, रबर थकतं. पटत नसेल तर खोडून काढा.

तेलकट बोटं
पटलं. माझं जीई चढावर मिसिंग करायचं. सगळ्यांचा संशय ठिणगीच्या कॉइलवर. प्लग काढायला गेलो तर प्लगची विहीर, म्हणजे प्लग बसतो तो खोल खळगा, तेलाने भरलेली! व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट उन्हाळे-पावसाळे खाऊन दगड झालं होतं. ते बदललं, विहिरी पुसून घेतल्या, मिसिंग गायब. कॉइल अजून त्याच आहेत.

सकाळचा धूर
माझ्याकडे रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू केली की निळसर धूर, अर्ध्या मिनिटात बंद. दिवसभर पुन्हा नाव नाही. पहिल्या मेकॅनिकने पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून इंजिन खोलायला सांगितलं. कॉम्प्रेशन मोजून घेतलं तर सहाही सिलिंडर सारखे. मग व्हॉल्व्ह स्टेम सील बदलून घेतली आणि धूर थांबला. रिंगांचा धूर चालवतानाही दिसतो, असा फक्त सकाळी हजेरी लावत नाही.

पुलीवाला
क्रँक पुलीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. ती अखंड लोखंडाची नाही. आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये कंपनं शोषणारं रबर असतं. ते सुटलं की कडं जागचं सरकतं, पट्टे किंचाळतात. त्याहून वाईट म्हणजे टायमिंगची खूण त्या कड्यावर असते, त्यामुळे ती खूण बघून केलेलं सेटिंग चुकतं. माझी पुली डोलताना नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

दुसरा टर्बो
मी जीटीईवाला. यात टर्बो आळीपाळीने काम करतात. आधी एकटा पहिला, मग साधारण ४,००० आरपीएमच्या आसपास दुसरा सामील होतो. माझा दुसरा सामीलच होत नव्हता. वर गेलं की गाडी मरगळायची. टर्बो उतरवायची तयारी झाली होती, पण मित्र म्हणाला आधी व्हॅक्यूमच्या नळ्या बघ. बारीक नळ्यांचं जंजाळ आहे तिथे, आणि त्यातली एक तडकलेली. पुन्हा रबरच!
एक मात्र रबराच्या खात्यात जात नाही. जपानी बाजारातल्या जीटीईच्या टर्बाइनची चाकं सिरॅमिकची असतात, निर्यातीच्या इंजिनात पोलादी. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवायची हौस असेल तर आपल्याकडे कोणती आहेत ते आधी बघा. सिरॅमिकचं चाक फुटलं की काही शिल्लक राहत नाही.

पट्टाभक्त
टायमिंग बेल्टबद्दल ‘या इंजिनात पट्टा तुटला तरी काही होत नाही’ हे अर्धसत्य फिरत असतं. व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या जीईमध्ये पिस्टन व्हॉल्व्हला लागत नाही, हे खरं. व्हीव्हीटी-आयवाल्या जीईमध्ये लागतो. तिथे पट्ट्याची चालढकल म्हणजे वाकलेले व्हॉल्व्ह. मी दर १,००,००० किमीला बदलतो, आणि सोबत टेन्शनर, वॉटर पंप, पुढचं क्रँक सील, कॅमची सीलं. तिथवर पोचण्याची मजुरी एकदाच द्यायची.

नवा गिऱ्हाईक
जुनी जीई बघायला जातोय, व्हीव्हीटी-आय आहे. मालक म्हणतो इंजिनाला हात लावायची गरज नाही. काय बघू?

धागाकर्ता
इंजिन थंड असतानाच जा. तू पोचायच्या आत मालकाने चालू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांग. चालू करताना मागे उभा राहा, धूर बघ. मग पुली बघ, एखादा प्लग काढून विहीर बघ, कूलंटचा रंग बघ. पट्टा कधी बदलला त्याची पावती माग. पावती नसेल तर पट्टा बदललाच नाही असं धर आणि तेवढा खर्च किमतीतून वजा कर.