मुलांच्या सरकारी विम्याला मासिक हप्ता हवाच कशाला?

एडिसनकरीण (धागालेखिका)

न्यू जर्सीने २०२१ मध्ये मुलांच्या सरकारी विम्याचा मासिक हप्ता काढून टाकला. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तो अजून आहे. उत्पन्न एका पायरीच्या वर गेलं की दर मुलामागे महिन्याला १५, ३०, ४५ किंवा ६० डॉलर. माझं म्हणणं, हा हप्ता सगळ्याच राज्यांनी काढावा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. अगदीच कमी कमाई असेल तर मुलं मेडिकेडमध्ये जातात. त्याहून बरं कमावणाऱ्या, पण खासगी विमा न परवडणाऱ्या घरांतल्या १९ वर्षांखालच्या मुलांसाठी १९९७ मध्ये 'चिप' ही योजना आली. टेड केनेडी डेमोक्रॅट आणि ऑरिन हॅच रिपब्लिकन, दोघांनी मिळून रेटली (आज हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही). पैसा बराचसा केंद्राचा, पण उत्पन्नाची मर्यादा किती आणि हप्ता किती हे राज्य ठरवतं. २०२५ ची चौघांच्या घराची दारिद्र्यरेषा वर्षाला ३२,१५० डॉलर. न्यू जर्सी तिच्या ३५५ टक्क्यांपर्यंत मुलांना घेते, म्हणजे १ लाख १४ हजारांपर्यंत. टेक्सास २०१ टक्क्यांवर थांबतं, म्हणजे जेमतेम साडेचौसष्ट हजार. मुलं तीच, पगार तोच, पण बिऱ्हाड टेक्सासातल्या डॅलसला हलवलंत की अपात्र.

आता हप्त्याबद्दल. ओळखीतलं एक घर, राज्याचं नाव मुद्दाम देत नाही. नवऱ्याचा ले-ऑफ, बायको डेकेअरमध्ये, दोन्ही मुलं इथेच जन्मलेली. हप्ता २० डॉलर, तो काही जड नव्हता. बँकेने डेबिट कार्ड बदलून पाठवलं, ऑटोपे जुन्याच कार्डावर राहिला आणि थकबाकीचं पत्र गेलं जुन्या अपार्टमेंटला. धाकट्याचा कान ठणकायला लागला तेव्हा दवाखान्याच्या काउंटरवर कळलं की विमा बंद आहे. पुन्हा सुरू करायचा तर थकबाकी भरा, वर काही आठवडे थांबा. वीस डॉलरसाठी!

ताळेबंद

ताई, कान दुखणाऱ्या पोराबद्दल वाईट कुणाला वाटणार नाही? पण एका ऑटोपेवरून अख्ख्या देशाचं धोरण ठरवायचं का? क्रेडिट कार्डाचा हप्ता चुकला की आपण बँकेला दोष देत नाही.

मुद्दा असा, की १ लाख १४ हजार कमावणाऱ्याला गरीब म्हणायचं आणि त्याच्या मुलांचा विमा पूर्ण फुकट द्यायचा, हे मला पटत नाही. मी टेक्सासात राहतो. कंपनीच्या फॅमिली प्लॅनसाठी पगारातून दर पंधरवड्याला किती कापलं जातं हे बघून पोटात गोळा येतो. २०२४ मध्ये असा प्लॅन सरासरी साडेपंचवीस हजार डॉलरच्या घरात होता. त्यातले साधारण ६,३०० नोकरदार स्वतः भरतो. शेजारच्याला तेच फुकट मिळत असेल तर उद्या मीही मुलांना कंपनीच्या प्लॅनमधून काढीन आणि सरकारच्या गळ्यात घालीन. महिन्याला १५-३० डॉलर ठेवले की माणूस निदान विचार करतो. शिवाय आपण काहीतरी भरतोय याला मान असतो. फुकटच्या रांगेत उभं राहायची आपल्या लोकांना लाज वाटते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एडिसनकरीण

कंपनीचा विमा असेल तर चिप मिळत नाही, ती विमा नसलेल्या मुलांसाठीच आहे. तुम्ही म्हणता तसं कुणी मुलांना मुद्दाम काढू नये म्हणून बऱ्याच राज्यांनी थांबण्याची मुदत ठेवली होती. बापाने कंपनीचा विमा सोडला तर मुलाने तीन महिने बिनविम्याचं राहायचं. बापाच्या हिशेबाची शिक्षा पोराला! न्यू जर्सीने हप्त्याबरोबर तीही काढली.

आणि लाजेचं म्हणाल तर लोकांना लाज फॉर्म भरायची वाटते, पगाराच्या चिठ्ठ्या चौथ्यांदा फॅक्स करायची वाटते. महिन्याला २० डॉलर गेल्याने ती लाज कमी होत नाही.

शाळेतली नर्स

मी प्राथमिक शाळेत आहे, राज्य कुठलं ते सोडा. माझ्या कपाटात प्रत्येक दमेकरी मुलाचा इनहेलर नाव लिहिलेल्या पिशवीत असतो. त्याच्या पाठीवर आकडा असतो, किती फवारे उरले त्याचा. तो शून्यावर आला की मी घरी चिठ्ठी पाठवते. आठवडा गेला, नवीन आला नाही, की मला न विचारता कळतं की त्या घरी विम्याची काहीतरी भानगड झाली आहे. आई फोनवर म्हणते, "पुढच्या महिन्यात आणते." सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दम्याला पुढचा महिना चालत नाही.

ताळेबंद, तुम्ही म्हणता हप्त्यामुळे माणूस विचार करतो. करतो ना! पोर धडधाकट दिसत असेल तर हप्ता टाळायचा विचार करतो. मग विम्यात उरतात ती आजारीच. विम्याचं गणित त्याने बिघडतं की सुधारतं, हे तुम्ही अकाउंट्सवाल्यांनी सांगावं.

एक चांगली गोष्टही सांगते. २०२४ पासून केंद्राच्या कायद्याने मुलाला एकदा घेतलं की बारा महिने ठेवावंच लागतं, मधे बापाचा ओव्हरटाइम वाढला तरी. ताईंनी सांगितलेल्या घराला तेव्हा हा नियम असता तर बरं झालं असतं.

ताळेबंद

आणि त्याच नियमावरून फ्लोरिडा कोर्टात गेलं, तेही सांगा. त्यांचं म्हणणं, हप्ता न भरणाऱ्यालाही वर्षभर ठेवायचं असेल तर आमच्या योजनेचा पायाच निघून जातो. पहिला हप्ता भरा आणि अकरा महिने मजा करा. हप्ता भरणं ऐच्छिक झालं की प्रामाणिकपणे भरणारा मूर्ख ठरतो.

फ्लोरिडाला खलनायक ठरवायच्या आधी हेही बघा, की त्यांच्याकडे मुलांचा असा विमा चिपच्याही आधीपासून होता. १९९७ च्या कायद्यात न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडाच्या जुन्या योजनांना जशीच्या तशी मान्यता दिली गेली. २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने मर्यादा २०० वरून ३०० टक्क्यांवर न्यायचा कायदाही केला. म्हणजे जास्त मुलांना घ्यायला तयार आहेत, फक्त वरच्या पायऱ्यांवर पैसे भरा म्हणतात. फुकट पण थोड्यांना, की हप्ता घेऊन पुष्कळांना? मला दुसरं चालेल.

एडिसनकरीण

कायदा केला खरा, पण अंमलबजावणी भांडणात अडकली. तोवर त्या मुलांनी काय करायचं?

एच-वनवाला

मधेच विचारतो, माफ करा. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, गेल्या महिन्यात नोकरी गेली. मुलगी इथे जन्मलेली, सिटिझन. तिच्यासाठी अर्ज केला तर आमच्या ग्रीन कार्डात 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारवर बोजा, असा शेरा निघेल असं मित्र म्हणतोय. बायको तर फॉर्मला हात लावायला तयार नाही.

एडिसनकरीण

मुलगी नागरिक आहे, तिची पात्रता तिची स्वतःची. तुमच्या व्हिसाशी तिचा संबंध नाही, घरचं उत्पन्न तेवढं बघतील. पब्लिक चार्जच्या २०१९ च्या कडक नियमातही चिप मोजली नव्हती, २०२२ च्या नियमातही नाही. पण हे नियम सरकारागणिक हलतात, म्हणून अर्जाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचाराच. मित्राला नको.

एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेल्या मुलांचं वेगळं आहे. २००९ च्या कायद्याने राज्यांना पर्याय दिला, की कायदेशीर राहणाऱ्या मुलांना पाच वर्षं न थांबवता घ्या. काहींनी घेतला, काहींनी नाही. आपापल्या राज्याचं बघा.

सदाशिव पेठ (हल्ली वाकड)

तुमचं वीस डॉलरचं भांडण वाचून गंमत वाटली. आमच्याकडे हप्त्याचा प्रश्नच नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा दीड लाखाचं कव्हर आणि पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड लागायचं. आता सगळ्या कुटुंबांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, पाच लाख. कुटुंबाने भरायचे शून्य रुपये. करा कॉपी!

शाळेतली नर्स

आणि त्यात दम्याचा इनहेलर बसतो का हो?

सदाशिव पेठ (हल्ली वाकड)

नाही. ॲडमिट होऊन ठरलेल्या यादीतले उपचार असतील तर. ताप, खोकला, चष्मा, दात हे खिशातून, नाहीतर सरकारी दवाखान्याच्या रांगेतून. शाळा-अंगणवाडीत तपासणीचा कार्यक्रम आहे, २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, त्यातून हृदयाला छिद्र असलेली पोरं सापडतात आणि ऑपरेशनं फुकट होतात. ते काम मोठं आहे, मी जवळून बघितलंय. पण रोजचं दुखणं त्यात नाही, हे मान्य.

एडिसनकरीण

तेच तर. चिपमध्ये लस आहे, बहुतेक राज्यांत चष्मा आहे, २००९ पासून दातही आहेत. एवढं चांगलं कव्हर तयार करायचं आणि दारात २० डॉलरची उंबरठापट्टी लावायची!

हिशेबच करायचा तर पुरा करा. दर महिन्याला लाखो घरांना बिल पाठवा, आलेला चेक नोंदवा, न आलेल्यावर नोटीस काढा, पोराला काढा, दोन महिन्यांनी तोच अर्ज परत तपासून परत घ्या. या सगळ्याला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. हप्त्यातून तिजोरीत काय उरत असेल?

ताळेबंद

मग मासिक बंद करा, वार्षिक घ्या. टेक्सासात वर्षाला जास्तीत जास्त ५० डॉलर नावनोंदणीचे असायचे. एक चेक, विषय संपला. कुणाचं कार्ड बदललं, कुणाचा पत्ता बदलला, भानगडच नाही. आणि दारिद्र्यरेषेच्या दीडशे टक्क्यांखालच्यांना तेही माफ, मला चालेल.

शाळेतली नर्स

वार्षिकाला माझी हरकत कमी आहे. पण चेक आला नाही तर पोराचा विमा चालू राहणार की बंद?

ताळेबंद

बंद. नाहीतर घ्यायचाच कशाला?

एडिसनकरीण

चालू ठेवा आणि पैसे बापाच्या टॅक्स रिफंडातून कापा. पोराला काढायचं नाही, एवढीच माझी अट.

ताळेबंद

रिफंडातून कापायला आयआरएसला, म्हणजे केंद्राच्या कर खात्याला, राज्यांचं बिल वसूल करायला लावणार? ताई, मग कारकून वाढतील, कमी नाही होणार. तरी वार्षिकपर्यंत आलात, हे टिपून ठेवतो.

एडिसनकरीण

टिपा. मी अजून शून्यावरच आहे.