आजोबा खुक्रीवर होते की कुठारवर? (नेव्ही, १९७१)

महालची_वाट:
नमस्कार मंडळी. नागपूरकर आहे, पाण्याशी आपला संबंध फुटाळा तलावापुरता, तेव्हा चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या. आईचे काका, आम्ही बापूआजोबा म्हणायचो, नेव्हीत स्टोकर, म्हणजे बोटीचा बॉयलर सांभाळणारे, होते. लहानपणापासून घरात ऐकत आलोय की ते आयएनएस खुक्रीवर होते, ती पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली आणि हे पोहून वाचले. डाव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता, कातडी सायीसारखी आक्रसलेली, आणि तो टॉर्पेडोचा आहे असं आम्ही कॉलनीतल्या पोरांना छाती फुगवून सांगायचो. ते स्वतः काही बोलायचे नाहीत. ९ डिसेंबरला रात्री जेवायचे नाहीत, एवढंच. आता सक्करदऱ्याचं घर रिकामं करून राहिलो तर ट्रंकेत त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो सापडला, मागे पेन्सिलीने ‘कुठार, १९७१’. हे काय प्रकरण? डिसेंबरात दीवला जायचंय, तिथे खुक्री ठेवलीय ना बघायला, आई म्हणते त्यांच्या बोटीवर एक फूल ठेवून ये. ठेवू का?

बर्डी_जंक्शन:
भाऊ, आधी एक गोष्ट क्लिअर करा. दीवला उभी आहे ती बुडालेली खुक्री नाही, ती तर समुद्राच्या तळाशी आहे. उभी आहे ती त्याच नावाची नंतरची कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८९ ते २०२१ नेव्हीत होती, मग दीवला दिली. जुन्या खुक्रीचं स्मारक तिथेच वेगळं आहे, समुद्राकडे तोंड करून, काचेत बोटीचं मॉडेल आहे. फूल ठेवायचं तर तिथे ठेवा. आणि इथून अहमदाबाद, वेरावळ, मग बस, दोन दिवस पकडूनच चला.

खारं_पाणी_रिटायर्ड:
फोटोवर कुठार लिहिलंय तर माझ्या मते फोटोच खरा बोलतोय. मी ८० साली भरती झालो, म्हणजे युद्धानंतरचा, पण जुन्या चीफ लोकांकडून हे खूपदा ऐकलंय. खुक्री, किरपाण आणि कुठार या एकाच साच्यातल्या बोटी, ब्रिटिश ब्लॅकवूड क्लास, पाणबुडी शोधायला बनवलेल्या स्वस्तातल्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका. लांबी साधारण ९५ मीटर, तीन बोफोर्स तोफा, पाणबुडीवर बॉम्ब फेकायला लिंबो नावाचे दोन मॉर्टर, आणि प्रोपेलर एकच. हे एकच लक्षात ठेवा, कारण इंजिन गेलं की बोट जागच्या जागी डोलत बसते, दुसरा शाफ्टच नाही. तिघी मिळून चौदावी फ्रिगेट स्क्वाड्रन, म्हणजे एक तुकडी. युद्धाच्या सुरवातीलाच कुठारच्या बॉयलरच्या बाजूला स्फोट झाला, किरपाणने तिला ओढत मुंबईला आणलं. म्हणून पाणबुडीच्या मागावर तीनऐवजी दोनच गेल्या. समोर पाकिस्तानची पाणबुडी हंगोर, फ्रेंच डाफ्ने क्लासची, नवी, तिला आपल्या बोटींचा आवाज फार लांबून ऐकू यायचा आणि आपलं सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधायचं यंत्र, जुनं. पहिला टॉर्पेडो तिने किरपाणवर सोडला, तो फुटलाच नाही. दुसरा खुक्रीला लागला. ९ डिसेंबर, रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून जवळपास ४० नॉटिकल मैलांवर, आणि काही मिनिटांत सगळं संपलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुक्रीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाईफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि बोटीबरोबरच गेले, मरणोत्तर महावीर चक्र. वाचलेले ६७, त्यांना दुसऱ्या दिवशी आपल्याच कच्छल या बोटीने उचललं.

आता तुमच्या आजोबांच्या डागाबद्दल. मी पाहिला नाही, पण स्टोकर होते म्हणताय. टॉर्पेडोने भाजलेला माणूस मला कधी भेटला नाही, वाफेने भाजलेले चार भेटले. बॉयलरची गरम वाफ दिसत नाही हो, आधी लागते, मग कळतं कुठून येतेय.

काऊन_बे_३१:
कुठार म्हणजे कुऱ्हाडच ना बाप्पा? खुक्री, किरपाण, कुऱ्हाड, नाव ठेवणाऱ्यानं हत्यारांचं दुकानच मांडलं म्हणा की. बरं कामाचं सांगतो, माझे सासरे फौजेत होते म्हणून माहीत आहे. ट्रंकेत अजून खाली पहा, पदकं असतील. ७१ चं संग्राम मेडल गोल असते, त्याच्या कडेवर नंबर अन् नाव कोरलेलं असते, भिंग लावून पहा. नंबर भेटला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, नाहीतर मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये नौसैनिकांचं रेकॉर्ड असते तिथं लिहा. कोणत्या बोटीवर कधी होते सगळं निघते. घरच्या गोष्टींवर काय जाता, आमच्या घरी तर आजा एकट्याने वाघ मारून आला होता.

महालची_वाट:
सगळ्यांचे आभार, लई मदत झाली. संग्राम मेडल आहे! शिवणाच्या डब्यात होतं, बटणांमध्ये. नंबर वाचता आला, शेवटचा आकडा ३ की ८ एवढंच कळत नाहीये. सोमवारी सैनिक कार्यालयात जातो.

पण दुसरीच गंमत झाली. खारं_पाणी काकांचं सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. ‘तिघी मिळून’ म्हटलं तशी ती एकदम थांबली. म्हणाली, अगं बाई, काका कधीतरी आपल्याशीच म्हणायचे, आमच्या तिघींतली एक गेली. आणि काकू त्यावरून दर वेळी भांडायची की या तिघी कोण, मुंबईत काय दिवे लावले होते. ते हसायचे आणि उठून अंगणात जायचे. खुक्रीवर होतो असं ते कधी म्हणालेच नव्हते म्हणे, ते आम्हीच पोरांनी जोडलेलं.

काकू ८८ वर्षांची आहे, हिंगण्याला मुलाकडे असते. रविवारी जाऊन तिला सांगतो की त्या बोटी होत्या.