मदत हवी आहे : २०१५ च्या मराठी चित्रपटांच्या मालिकेसाठी पाचवा चित्रपट कोणता घ्यावा?

नमस्कार,

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचे एक लहानसे चित्रपट मंडळ आहे. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुले आणि काही गृहिणी असा आमचा प्रेक्षकवर्ग आहे. एकाच वर्षातील पाच मराठी चित्रपट पाच शनिवारी ओळीने दाखवावेत आणि प्रत्येकानंतर चर्चा ठेवावी, असे ठरले असून निवडीचे काम माझ्याकडे आले आहे. मी २०१५ हे वर्ष निवडले, कारण माझ्या आवडीचे इतके मराठी चित्रपट दुसऱ्या कोणत्याही एका वर्षात आल्याचे मला आठवत नाही. चार नावे पक्की आहेत. अडचण पाचव्याची आहे.

वर्ष मी महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत प्रदर्शित होण्याच्या तारखेवरून धरले आहे. 'कोर्ट' आणि 'किल्ला' या दोन्ही चित्रपटांना २०१४ सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पहिल्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि दुसऱ्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा. पण सामान्य प्रेक्षकाला ते तिकीट काढून पाहता आले ते अनुक्रमे एप्रिल आणि जून २०१५ मध्ये, म्हणून ते माझ्या यादीत आहेत.

'कोर्ट' हा माझ्या दृष्टीने त्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट आहे. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या एका सफाई कामगाराला आपल्या गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप एका वयोवृद्ध लोकशाहिरावर ठेवला जातो आणि खटला चालू राहतो, इतकीच त्याची कथा आहे. चैतन्य ताम्हाणे यांनी कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि स्थिर ठेवला आहे, त्यामुळे न्यायालयाच्या त्या खोलीत आपणही आपली तारीख लागण्याची वाट पाहत बसलो आहोत, असे वाटू लागते. मृत कामगाराची पत्नी साक्षीत सांगते, की आत उतरण्यापूर्वी नवरा खाली खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहत असे, कारण झुरळे दिसली की आत हवा आहे हे कळायचे. ती हे अगदी सरळ, रोजच्या व्यवहाराची गोष्ट सांगावी तशा आवाजात सांगते, आणि संपूर्ण खटल्यात कोणत्याही वकिलाच्या युक्तिवादापेक्षा तिच्या त्या चार वाक्यांनी अधिक सिद्ध होते. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील न्यायालयातून निघून लोकलने घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते, तेव्हा तिच्याविषयी राग धरणेही आपल्याला कठीण होते. शाहिराच्या भूमिकेतील वीरा साथीदार हे नागपूरचे प्रत्यक्ष चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि चर्चेत त्यांच्याविषयीही बोलले जावे अशी माझी इच्छा आहे.

'किल्ला'मध्ये वडील वारल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला सातवीतला मुलगा आहे. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनाबरोबर छायाचित्रणही स्वतः केले आहे. त्याच वर्षी आलेल्या 'मसान' या हिंदी चित्रपटाचे छायाचित्रणही त्यांचेच होते, ही बाब आमच्या छायाचित्रणाची आवड असलेल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. या चित्रपटाविषयी लिहिणारे बहुतेक जण पावसाचे आणि समुद्राचे कौतुक करतात व ते रास्तच आहे, परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो अमृता सुभाष यांनी साकारलेल्या आईचा कार्यालयातील एकटेपणा. मुलगा शाळेत आणि आई कचेरीत, दोघेही एकाच वेळी नव्या गावात परके असतात, पण एकमेकांना ते सांगू शकत नाहीत.

भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' आमच्या भागातील प्रेक्षकांना सर्वांत जवळचा वाटेल. मेंढरे घेऊन गावोगाव फिरणारे धनगर कुटुंब, वनखात्याकडे गेलेली जमीन, तिचा वर्षानुवर्षे चाललेला दावा आणि गावच्या सरपंचाची दांडगाई हे सर्व त्यात उपऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलेले नाही. शशांक शेंडे यांचा बाप विसरता येत नाही.

चौथा 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे १९६७ चे नाटक आणि पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आमच्या ज्येष्ठ सभासदांना पाठ आहे, त्यामुळे सुबोध भावे यांच्या चित्रपटाची नाटकाशी तुलना होणार हे गृहीतच आहे. मला ती व्हायला हवी आहे. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद पंडितजी आणि खाँसाहेब या कथेतील दोन प्रतिस्पर्धी गायकांच्या गायकीत वेगवेगळे होते, आणि दोन घराण्यांतील फरक संवादाचा एकही शब्द न वापरता अशिक्षित कानालाही कळतो. ही दोन रूपे आम्ही चर्चेच्या वेळी लागोपाठ पुन्हा ऐकवणार आहोत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या चारही चित्रपटांत माणूस जिथे काम करतो आणि ज्या व्यवस्थेत वावरतो ती जागा गोष्टीइतक्याच बारकाईने दाखवलेली आहे: न्यायालय, सरकारी कचेरी, मेंढरांचा वाडा, संस्थानचा दरबार. पाचवा चित्रपटही या ओळीत बसावा, असे मला वाटते. समीर विद्वांस यांचा 'डबल सीट' आणि श्रीहरी साठे यांचा 'एक हजाराची नोट' या दोहोंत माझे मन अडकले आहे. 'डबल सीट'मध्ये चाळीतल्या एका खोलीत राहणारे नवविवाहित जोडपे स्वतःच्या घराचे स्वप्न पाहते. अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वे यांच्यातील बोलणे इतके सहज आहे, की चार गंभीर शनिवारांनंतर प्रेक्षक प्रसन्न मनाने घरी जातील. 'एक हजाराची नोट'मध्ये उषा नाईक यांनी विदर्भातल्या एका गरीब म्हातारीचे काम केले आहे. राजकीय नेत्याने दिलेल्या नोटा घेऊन ती आनंदाने बाजाराला जाते आणि तेवढ्या पैशांमुळेच तिच्यावर संशय घेतला जातो. २०१६ च्या नोव्हेंबरात ती नोट चलनातून रद्द झाली. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी ती हाताळलेलीही नसेल, त्यामुळे चर्चेला आणखी एक वाट मिळेल. माझा कल किंचित या दुसऱ्या चित्रपटाकडे आहे, परंतु 'ख्वाडा'नंतर लगेच पुन्हा ग्रामीण दैन्य दाखवले तर दोन्ही चित्रपटांवर अन्याय होईल, अशी भीती वाटते. ज्यांनी दोन्ही पाहिले आहेत त्यांनी आपले मत कारणासह द्यावे. या दोहोंहून सरस असा २०१५ मधील तिसरा चित्रपट कोणाला सुचत असेल तर तोही अवश्य सांगावा. मात्र हिंदी चित्रपट सुचवू नयेत ही विनंती.

क्रमाविषयीही सल्ला हवा आहे. 'कोर्ट' पहिल्या शनिवारी ठेवला तर त्याच्या संथ गतीमुळे काही जण पुढे येणार नाहीत, असे आमच्या कार्यवाहांचे म्हणणे आहे. माझे मत उलट आहे. मालिकेचा स्वर पहिल्याच दिवशी लागला पाहिजे, आणि 'कट्यार' अडीच तासांहून मोठा असल्याने तो शेवटी, चर्चेला घाई नसेल अशा दिवशी ठेवावा. 'कोर्ट'मध्ये मराठीबरोबर हिंदी, गुजराती आणि इंग्रजी संवाद आहेत. अशा चित्रपटासाठी मराठी उपशीर्षकांची सोय कोणी कोठे केली असल्यास कृपया कळवावे.

शेवटचा मुद्दा परवानगीचा. घरगुती वापरासाठी घेतलेल्या डीव्हीडीवरून किंवा ओटीटीच्या वैयक्तिक वर्गणीवरून सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही याची आम्हाला कल्पना आहे, आणि प्रवेश विनामूल्य असला तरी हक्कधारकाच्या लेखी संमतीनेच सर्व खेळ करायचे, असा मंडळाचा निर्णय आहे. लहान मंडळांनी निर्मात्यांशी किंवा वितरकांशी पत्रव्यवहार कसा केला, पत्रात कोणती माहिती द्यावी लागली, शुल्क साधारण कोणत्या आधारावर ठरले आणि संमती येण्यास किती अवधी धरावा, हे अनुभवी सदस्यांनी लिहिल्यास पत्रे पाठवण्याचे काम लगेच सुरू करता येईल. पाचव्या चित्रपटाचे पत्रही इतर चार पत्रांबरोबरच जावे असा विचार असल्यामुळे त्याविषयीची मते आधी आली तर बरे होईल.