मदत हवी आहे : केबल काढली तर क्लस्टर शांत, परत लावली की नोड फेन्स होतो

धावतीगाठ
दोन नोडचा (सर्व्हरचा) क्लस्टर आहे, पेसमेकर (सेवा सांभाळणारा) आणि कोरोसिंक (नोडमधलं बोलणं सांभाळणारा). नेटवर्कची जोडणी दुहेरी, दोन वेगळ्या स्विचना. एक केबल काढली तर काहीच होत नाही, सेवा चालू राहतात. तीच केबल परत लावली की सहा-सात सेकंदांत एक नोड फेन्स होऊन (दुसऱ्याने सक्तीने बाहेर काढून) रीबूट. दर वेळी. कोणता नोड जाईल याचा नेम नाही. कधी ज्याची केबल लावली तो, कधी दुसराच.

केबल बदलली, एसएफपी मॉड्यूल बदललं, स्विचवरचा पोर्टही बदलून पाहिला. लॉगमध्ये टोकन (नोड एकमेकांकडे फिरवतात तो जिवंतपणाचा निरोप) आलं नाही, नवी रचना, मग फेन्सिंग, एवढंच दिसतं. दोन दिवस यातच गेले आहेत. कोणाला कारण माहीत असेल तर लगेच सांगा.

जुनेजाणते
रिंग (कोरोसिंकची वाट) फॉल्टी राहिली असणार. केबल लावल्यावर दोन्हीपैकी एका नोडवर कोरोसिंक-सीएफजीटूल -आर द्या, रिंग पूर्ववत होईल. स्क्रिप्टमध्ये घालून ठेवा.

सावधचित्त
@जुनेजाणते, ते कोरोसिंक २ च्या आरआरपीचं (दुहेरी रिंगच्या जुन्या पद्धतीचं). तिथेही रिंग आपोआप सावरते, तपासणीचा कालावधी मुळात १००० मिलिसेकंद असतो. आणि एक रिंग फॉल्टी असली तर फक्त राखीव वाट जाते, नोड फेन्स होत नाही. कोरोसिंक ३ मध्ये केनेट (नोडमधल्या लिंक सांभाळणारा थर) आलं, फॉल्टी हा प्रकारच उरला नाही.

@धावतीगाठ, आवृत्ती कोणती? कोरोसिंकच्या लिंक दोन आहेत की बॉन्डवर (दोन कार्डं मिळून एक इंटरफेस) एकच? बॉन्ड असेल तर मोड कोणता? टोकनची वेळ बदलली आहे का? "दुहेरी जोडणी" या शब्दात यातलं काहीच कळत नाही.

धावतीगाठ
कोरोसिंक ३.१, केनेट. लिंक एकच, बॉन्डवर. मोड अॅक्टिव्ह-बॅकअप, एक कार्ड चालू, दुसरं राखीव. टोकन बदललेलं नाही. बाकी सगळं नेहमीचंच.

खटपट्या
फायरवॉल बघा. केनेटची लिंक ० यूडीपी ५४०५ वर चालते, लिंक १ ५४०६ वर, असं पुढे. ५४०५ ते ५४१२ उघडे हवेत. जुन्या सवयीने लोक ५४०४ आणि ५४०५ एवढेच उघडतात.

तारयंत्र
लिंक एकच आहे, मग ५४०६ चा संबंध कुठे? आणि फायरवॉलमध्ये पोर्ट अडवलेला असता तर केबल काढण्याआधीही क्लस्टर बनला नसता, असं म्हणणार होतो, पण तेही पूर्ण खरं नाही. दोन्ही नोड एकाच पोर्टवरून एकाच पोर्टकडे पाठवतात. बाहेर जाणारं पाकीट कनट्रॅकमध्ये (फायरवॉलच्या चालू संभाषणांच्या यादीत) नोंद करून ठेवतं आणि समोरचं पाकीट त्याचं उत्तर समजून आत घेतलं जातं. म्हणून नियम चुकलेला असूनही लिंक चालू दिसू शकते. नियम नीट लिहावेतच, पण इथलं दुखणं ते नाही.

सावधचित्त
"नेहमीचंच" यावर काही ठरवता येत नाही. /प्रॉक/नेट/बॉन्डिंग/बॉन्ड० चा मजकूर द्या. आणि केबल लावल्याच्या क्षणापासून फेन्सिंगपर्यंतच्या कर्नलच्या आणि कोरोसिंकच्या ओळी, वेळेसकट, एकत्र लावून.

नोडोबा
टोकन ४० सेकंद करा, विषय संपला. सोबत क्यूडिव्हाइस लावा. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये तिसरं मत नसेल तर दोघंही स्वतःला कोरममध्ये (निर्णयाला पुरेशा मतांत) समजतात आणि एकमेकांना मारायला निघतात. निदान एका नोडच्या फेन्स उपकरणाला पीसीएमके_डिले_बेस (ठरावीक उशीर) द्या. पेसमेकर २.०.४ पासून प्रायॉरिटी-फेन्सिंग-डिले सुद्धा आहे, ज्या नोडवर महत्त्वाच्या सेवा चालू तो वाचतो.

मध्यरात्र
@नोडोबा, कोणता नोड वाचावा हे त्यांनी विचारलेलं नाही, फेन्सिंग मुळात का होतं हे विचारलं आहे. पण तुमच्या बोलण्यातून एक गोष्ट हाती लागते. कोण मरेल याचा नेम नाही, म्हणजे ही शर्यत आहे, दोघांनाही दुसरा गेला असं वाटतं. वाट दोन्ही दिशांनी बंद पडते आहे.

टोकन ४० सेकंद मात्र नको. कन्सेन्सस (नव्या रचनेवर एकमत होण्याची वाट) टोकनच्या १.२ पट असतो, म्हणजे ४८ सेकंद. नोड खरोखर मेला तर फेन्सिंग सुरू व्हायलाच ८८ सेकंद लागतील, सेवा दुसरीकडे उठायला त्यापुढे.

धावतीगाठ
हे घ्या. दोन्ही नोडवर सारखंच आहे.

मोड : अॅक्टिव्ह-बॅकअप
प्रायमरी : एन्स१एफ० (प्रायमरी_रिसिलेक्ट ऑलवेज)
एमआयआय पोलिंग : १००
अप डिले : ०
डाउन डिले : ०

२२:१४:०५ कर्नल : एन्स१एफ० लिंक नक्की चालू, १०००० एमबीपीएस
२२:१४:०५ कर्नल : एन्स१एफ० नवा सक्रिय इंटरफेस
२२:१४:०७ कोरोसिंक : २२५० मिलिसेकंदांत टोकन आलेलं नाही
२२:१४:०८ कोरोसिंक : टोकनची वेळ संपली (३००० मिलिसेकंद), कन्सेन्ससची ३६०० मिलिसेकंद वाट
२२:१४:११ पेसमेकर : दुसरा नोड हरवला, फेन्सिंग

सावधचित्त
पहिल्या दोन ओळी एकाच सेकंदात आहेत, घोळ तिथेच आहे.

केबल काढता तेव्हा बॉन्ड १०० मिलिसेकंदांत दुसऱ्या कार्डावर जातो. त्या कार्डाचा स्विच पोर्ट कधीपासून पाकिटं पुढे पाठवतोच आहे, म्हणून काही जाणवत नाही. केबल परत लावली की कार्डाला कॅरिअर (केबलवरचा संकेत) दिसतो. एमआयआयमॉन फक्त कॅरिअर बघतो, पलीकडे पाकीट जातं का हे त्याला कळत नाही. अप डिले शून्य आणि रिसिलेक्ट ऑलवेज, त्यामुळे बॉन्ड चालतं कार्ड सोडून त्याच क्षणी प्रायमरीकडे धावतो. तिकडे स्विचचा पोर्ट नुकताच उठलेला, स्पॅनिंग ट्रीमध्ये (पाकिटं गोल फिरू नयेत म्हणून नवा पोर्ट रोखून धरणारी स्विचची व्यवस्था) १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग. हे ३० सेकंद बॉन्डचं सगळं बोलणं बंद पोर्टात पडतं. कोरोसिंकची सहनशक्ती ३ अधिक ३.६ म्हणजे ६.६ सेकंद. तुमच्या लॉगमध्ये ०५ पासून ११ पर्यंत नेमकं तेवढंच अंतर आहे.

स्विचवर सर्व्हरचे पोर्ट एज म्हणून, म्हणजे पोर्टफास्ट (न थांबता लगेच चालू होणारे) करून घ्या.

धावतीगाठ
पोर्टफास्ट आहे. नेटवर्कवाल्यांनी कॉन्फिगरेशनची ओळ पाठवली, मी स्वतः वाचली. शिवाय आयपी लिंक सेट एन्स१एफ० डाउन आणि मग अप करून पाहिलं तर फेन्सिंग होत नाही. स्पॅनिंग ट्री असती तर तेव्हाही झालं असतं ना?

खटपट्या
रॅपिड स्पॅनिंग ट्री असेल तर ३० सेकंद लागतच नाहीत, एक-दोन सेकंदांत पोर्ट चालू होतो. त्यामुळे हे कारण मला पटत नाही.

तारयंत्र
@खटपट्या, रॅपिडचा वेग स्विच-स्विचमधल्या प्रस्ताव आणि संमतीवर आहे. सर्व्हर त्या प्रस्तावाला उत्तर देत नाही. पोर्ट एज ठरवलेला नसेल तर रॅपिडमध्येही तो फॉरवर्ड डिले दोनदा मोजत बसतो. तेच ३० सेकंद.

@धावतीगाठ, दोन गोष्टी.

आयपी लिंक डाउनची चाचणी फसवी आहे. काही कार्डांचे ड्रायव्हर इंटरफेस डाउन केला तरी पीएचवायचा (कार्डाच्या केबलकडच्या भागाचा) प्रकाश चालूच ठेवतात, बीएमसी (सर्व्हरचा देखरेख नियंत्रक) त्याच कार्डावरून बोलत असेल तर हमखास. स्विचच्या दृष्टीने पोर्ट पडलाच नाही, मग स्पॅनिंग ट्री नव्याने सुरू कशाला होईल? डाउन केल्यावर स्विचच्या लॉगमध्ये पोर्ट पडल्याची नोंद दिसते का ते बघा. नसेल तर ती चाचणी धरू नका, केबल काढणंच खरं.

दुसरं, बॉन्डवर व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगळी नेटवर्कं) टॅग आहेत का? म्हणजे तो पोर्ट ट्रंक, अनेक व्हीलॅन वाहणारा, आहे का? सिस्को आयओएस असेल तर नुसतं स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट ट्रंक पोर्टवर लागूच होत नाही. ओळ कॉन्फिगरेशनमध्ये दिसते, परिणाम शून्य. ओळ वाचू नका, त्या इंटरफेसची पोर्टफास्टची स्थिती विचारा, प्रत्येक व्हीलॅनपुढे एनेबल्ड की डिसेबल्ड ते दिसेल.

धावतीगाठ
ट्रंक आहे. चार व्हीलॅन. हे सांगायचं मला सुचलंच नाही. स्थिती विचारली, चारही व्हीलॅनपुढे डिसेबल्ड. स्विचवर बदल करायला मंजुरी लागते, ती उद्या मिळेल. तोवर नोडच्या बाजूने मला काय करता येईल?

सावधचित्त
आधी मोजा, मग बदला. नोड २ वर पीसीएस क्लस्टर स्टॉप द्या. तो सभ्यपणे बाहेर पडतो, सेवा नोड १ वर जातात, फेन्सिंग होत नाही. मग नोड २ वरून नोड १ कडे ०.२ सेकंदांच्या अंतराने पिंग चालू ठेवून नोड २ ची प्रायमरी केबल काढा, परत लावा. दर सेकंदाला पाच पाकिटं, म्हणजे ३० सेकंदांचा खड्डा असेल तर साधारण १५० हुकतील. मग एन्स१एफ१ ची, बॅकअपची, केबल काढून लावा. तिथे एकही हुकता कामा नये, कारण बॉन्ड त्या बाजूला जातच नाही. दोन्ही तसंच झालं तर शंका उरणार नाही.

मग चालू बॉन्डवर /सिस/क्लास/नेट/बॉन्ड०/बॉन्डिंग/प्रायमरी_रिसिलेक्ट मध्ये फेल्युअर लिहा. प्रायमरी परत आली तरी चालतं कार्ड पडेपर्यंत बॉन्ड हलत नाही. ही किंमत लिहिताच बॉन्ड नव्या धोरणाने निवड करतो, त्यामुळे दोन्ही कार्डं चालू आणि पोर्ट स्थिर असताना लिहा, केबल लावल्या-लावल्या नको. अपडिले ४०००० करा, तो एमआयआयमॉनच्या पटीत हवा, नाहीतर खालच्या पटीत उतरवला जातो. हे फक्त रीबूटपर्यंत टिकतं. कायमचं करायला एनएमसीएलआयमध्ये बॉन्ड.ऑप्शन्सच्या आधी अधिकचं चिन्ह विसरू नका, नाहीतर आधीचे सगळे पर्याय पुसले जातात.

फेल्युअर लावल्यावर एक नोड एका स्विचवर आणि दुसरा दुसऱ्यावर असा बराच काळ राहू शकतो. मग टोकन स्विचांमधल्या जोडणीवरून जातं, तिथे ते व्हीलॅन मोकळे आहेत ना ते बघून घ्या. परत एका स्विचवर आणायचं तर पोर्ट स्थिर झाल्यावर अॅक्टिव्ह_स्लेव्ह मध्ये नाव लिहून हाताने आणा.

तारयंत्र
अपडिलेवर भिस्त ठेवू नका. सक्रिय कार्ड एकही उरलं नसेल तर बॉन्ड अपडिले पाळत नाही, जे कार्ड उठतंय तेच लगेच धरतो. आणि अख्खा स्विच रीबूट होतो तेव्हा कॅरिअर कधी कधी फॉरवर्डिंगच्या कितीतरी आधी येतो, ४० सेकंद पुरतीलच असं नाही. एआरपीवर (ठरलेल्या पत्त्याला विचारून उत्तर येतं का यावर) लक्ष ठेवा, एआरपी_इंटरव्हल १००० आणि एआरपी_व्हॅलिडेट, म्हणजे वाट खरोखर चालते का ते कळेल.

सावधचित्त
एआरपी चांगला, पण या माणसाला आज रात्री तो सांगू नका. एमआयआयमॉन आणि एआरपी एकत्र चालवत नाहीत, म्हणजे पूर्ण बदल आला. लक्ष्य निवडण्यातही चूक होते. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये लोक समोरच्या नोडचाच पत्ता लक्ष्य म्हणून देतात. तो नोड मेला की जिवंत नोडच्या बॉन्डला आपलीच सगळी कार्डं पडली असं वाटतं, आणि ज्या क्षणी त्याने सेवा उचलायच्या त्याच क्षणी त्याचं नेटवर्क जातं.

तारयंत्र
लक्ष्य समोरचा नोड नकोच, हे मान्य. गेटवे आणि आणखी एक कायम चालू असणारा पत्ता, निदान दोन द्यावेत. पण कॅरिअर म्हणजे वाट नव्हे, हे अपडिलेने झाकलं जातं, सुटत नाही, या मतावर मी ठाम आहे.

मध्यरात्र
तुम्ही दोघं बॉन्डच दुरुस्त करताय. कोरोसिंकची लिंक एकच का ठेवायची? केनेटला आठ लिंक चालतात आणि तो प्रत्येक लिंकवर स्वतः पिंग-पाँग करून ती जिवंत ठरवतो, कॅरिअरवर विसंबत नाही. पोर्ट ३० सेकंद बंद राहिला तर ती लिंक ३० सेकंद उठणार नाही, टोकन दुसऱ्या लिंकवरून फिरत राहील. दोन नोड आहेत, दोघांमध्ये एक थेट केबल टाका, मधे स्विच नको, ती लिंक १. बॉन्ड लिंक ० राहू दे. बॉन्ड सेवांसाठी लागतोच, पण क्लस्टरचा जीव एकट्या त्याच्यावर नको.

नोडोबा
आणि क्यूडिव्हाइस.

धावतीगाठ
मोजलं. प्रायमरी केबल परत लावल्यावर १४९ पाकिटं हुकली. बॅकअपची काढून लावल्यावर शून्य. प्रायमरी_रिसिलेक्ट फेल्युअर केल्यावर प्रायमरी काढून लावली, लावताना शून्य. स्विचच्या लॉगचंही तसंच निघालं, आयपी लिंक डाउन केल्यावर पोर्ट पडल्याची नोंदच नव्हती.

आज सकाळी मंजुरी मिळाली, चारही पोर्टवर पोर्टफास्ट ट्रंक लागला, बीपीडीयू गार्डही (तिथे चुकून स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारा). मुद्दाम रिसिलेक्ट परत ऑलवेज करून केबल लावली, एक पाकीट हुकलं, फेन्सिंग नाही. दोन्ही नोडवर पाच-पाच वेळा. आता रिसिलेक्ट फेल्युअर कायमचं ठेवलं आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ट्रंकचा प्रश्न विचारल्याबद्दल.

@मध्यरात्र, थेट केबल टाकायची आहे. दुसरी लिंक चालू क्लस्टरमध्ये जोडता येते का, की थांबवावा लागेल?

मध्यरात्र
चालू असतानाच. दोन्ही नोडच्या कार्डांना वेगळ्या सबनेटचे पत्ते द्या, पिंग बघा, मग पीसीएस क्लस्टर लिंक अॅड आणि दोन्ही नोडचे पत्ते. हाताने करायचं तर कोरोसिंक.कॉन्फमध्ये प्रत्येक नोडला रिंग१_अॅडर, कॉन्फिग_व्हर्जन एकने वाढवायचं, फाइल दोन्हीकडे सारखी, मग कोरोसिंक-सीएफजीटूल -आर, पण इथे इंग्रजी आर मोठा. असलेल्या लिंकचा पत्ता बदलायला मात्र क्लस्टर थांबवावा लागतो, म्हणून पत्ते आधीच नीट ठरवा. यूडीपी ५४०६ उघडा, इथे खटपट्यांचं म्हणणं लागू आहे. शेवटी कोरोसिंक-सीएफजीटूल -एन ने दोन्ही लिंकपुढे कनेक्टेड दिसतं का बघा, आणि मग बॉन्डच्या दोन्ही केबल एकदम काढून पाहा.

तारयंत्र
पोर्टफास्ट ट्रंक फक्त सर्व्हरच्या पोर्टांना. दोन स्विचांमधल्या जोडणीला चुकूनही लावू देऊ नका, नेटवर्कवाल्यांकडून तेवढं तपासून घ्या.

धावतीगाठ
तपासलं, तिथे नाही. लिंक १ जोडली, दोन्ही कनेक्टेड. बॉन्डच्या दोन्ही केबल काढल्या, सेवांचं नेटवर्क गेलं पण फेन्सिंग झालं नाही.