खरं सांगितलं आणि लोकांनी खोटं ठरवलं : तुमचे अनुभव

गंगाघाट
कालपासून गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. भाच्याने गोदावरीच्या पुरातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो टाकला, तर खाली लगेच उत्तर, "जुना आहे, दरवर्षी हाच फिरतो." वाचलं आणि २०१९ आठवलं.

४ ऑगस्ट, रविवार. होळकर पुलावरून मी फोटो काढला तेव्हा पाणी मारुतीच्या छातीला लागलं होतं. नाशिककराला एवढं पुरतं. कमरेला, छातीला, गळ्याला, यावरूनच सराफ बाजारात पाणी कधी शिरणार ते आपण ओळखतो. घरच्या ग्रुपवर टाकला तो मामीसाठी, ती भांडी बाजारात तळमजल्यावर राहायची. मुंबईचा मावसभाऊ लगेच, "२०१६ चा आहे, अफवा पसरवू नका." मी मामीला फोन केला तर म्हणे, "अगं, तो म्हणतोय ना जुना आहे." गव्हाची कोठी, शिलाई मशीन, सगळं खालीच राहिलं. चिखल उपसला, पण मशीनची मोटर गेली ती गेलीच.

शंका घेतली याचा मला राग नाही. जुने फोटो फिरतातच. पण "आत्ताचा आहे का गं?" एवढं विचारायला काय लागत होतं?

तुमच्याकडे असं झालंय का? लिहा.

पंचवटीकर
अगदी अगदी. आमच्याकडेही दर पावसाळ्यात हेच. मामी बऱ्या आहेत ना आता?

गंगाघाट
हो, आता मुलाकडे इंदिरानगरला असतात.

कांदेवाला_निफाड
ताई, आमचं तर हिशोबपट्टीवर, म्हणजे बाजारात कांदा विकल्यावर मिळते त्या पावतीवर. पट्टीचा फोटो टाकला, हमाली, तोलाई, वाराई कापून हातात काय आलं ते दिसावं म्हणून. वर ट्रॅक्टरचं भाडं खिशातून. लोक म्हणतात खोटी पट्टी आहे, आम्ही दुकानात तीस रुपये किलोने घेतो. अहो, तुम्ही तीसने घेता ते खरं आणि मला दोन रुपये मिळाले तेही खरं! मधे किती हात आहेत ते बघा की. २०१८ च्या नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले, तेव्हा कुठे देशाला पटलं. प्रत्येकाने मनिऑर्डर करायची का?

सिडकोची_सून
दादा, वाचून पोटात तुटलं.
अवांतर: भांडी बाजारात पितळी पातेल्याला कल्हई करून देणारे अजून बसतात का? सासूबाईंचं आहे, टाकवत नाही.

द्राक्षबाग
थंडीत पहाटे बागेत पानांवर दव गोठलेलं असतं, पांढरी खर. व्हिडिओ टाकला तर एकाने लिहिलं, मीठ टाकलंय. त्या रात्री आम्ही घरचे सगळे बांधावर शेकोट्या पेटवून जागे होतो. घड वाचावेत म्हणून. जास्त लिहीत नाही, फवारणीला जायचंय.

मखमलाबाद
बिबट्या! जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात भरवस्तीत शिरला होता, तेव्हा कुणी खोटं म्हणालं नाही, सगळं टीव्हीवर दिसत होतं. आता एआयचे इतके बनावट बिबटे फिरतात की खऱ्यावर विश्वास बसेना. आमच्या गोठ्यामागे आला तर सोसायटीच्या ग्रुपवर "एआय आहे, डिलीट करा". आईने सकाळी ओल्या मातीतला ठसा दाखवला. त्याला नखांची खूण नव्हती. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्या नखं आत ओढून चालतो. वनखात्याचे लोक ठसा बघून गेले आणि पिंजरा लागला. तोवर शेजारची पोरं अंधारात क्लासला जातच होती, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

पंचवटीकर
बाप रे. सापडला का?

मखमलाबाद
नाही, उसात निघून गेला असावा. टॉर्च घेऊनच बाहेर पडतो आता.

मोबाईल_दुरुस्ती
एक कामाचं सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की त्यातली तारीख, वेळ, जागा ही माहिती निघून जाते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. पुराचा, बिबट्याचा असेल तर तसाच पाठवा. आणि कुणी शंका घेतली तर तिथूनच व्हिडिओ कॉल लावा.

गंगाघाट
हे माहीत नव्हतं, दादा. भाच्याला लगेच कळवते.

सिडकोची_सून
कांदेवाले दादा, घरपोच देता का? साठवायला हवाय.

कांदेवाला_निफाड
देतो की ताई. आत्ता कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा आहे, साठवायला तोच घ्या, लाल टिकत नाही. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, नको ना? गाडी नाशकात येते तेव्हा कळवतो.